आकडा मागचा, घाट पुढचा

कोल्हापूरहून निघालेला रस्ता कळे आणि साळवण मागे टाकत साधारण 55 किलोमीटरवर गगनबावड्याला पोहोचतो. तिथे सह्याद्रीच्या कड्यावर आल्यावर त्याला दोन फाटे फुटतात. एक करूळ घाटाने थेट वैभववाडीकडे उतरतो, दुसरा भुईबावडा घाटाने खारेपाटणच्या दिशेला जातो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातला वैभववाडी तालुका या कड्याच्या अगदी पायथ्याशी आहे. मोठ्या इस्पितळासाठी, मुलांच्या कॉलेजसाठी, घाऊक खरेदीसाठी इथला माणूस कोल्हापूर गाठतो, आणि कोल्हापूर गाठायचं म्हणजे घाट चढणं आलंच. इलेक्ट्रिक गाडीच्या डॅशबोर्डवर ‘अजून इतके किलोमीटर जाल’ असं सांगणारा जो आकडा असतो, तो किती भरवशाचा हे तपासायला महाराष्ट्रात याहून चांगली जागा मिळणं कठीण आहे.

या आकड्यावर लोक चिडतात आणि ते रास्त आहे. 150 किलोमीटर दाखवत होता, घाट चढून आलो तर 70 राहिले, मधले 80 गेले कुठे? गाडी खोटं बोलते, बॅटरी खराब आहे, कंपनीने फसवलं, असे तीन निष्कर्ष लगेच काढले जातात. यातला तिसरा कधीकधी खरा असतो, त्याकडे पुढे येऊ. पण आधी घाटाचा हिशेब मांडू, कारण तो मांडला की बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

एक मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी घेऊ. गाडी, चार माणसं आणि सामान मिळून वजन 1700 किलो. बॅटरीत वापरता येईल अशी वीज 30 युनिट. हे युनिट म्हणजे महावितरणच्या बिलावर असतं तेच. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये सुमारे 9 युनिट ऊर्जा असते. म्हणजे 30 युनिटची बॅटरी ही ऊर्जेच्या दृष्टीने जेमतेम साडेतीन लिटरची टाकी झाली. एवढ्याशा टाकीवर ही गाडी 200 किलोमीटर जाते, कारण इलेक्ट्रिक मोटर मिळालेल्या विजेपैकी जवळजवळ नऊ दशांश चाकांपर्यंत पोचवते, तर पेट्रोलचं इंजिन तीन चतुर्थांशाच्या आसपास ऊर्जा उष्णतेत घालवतं.

आणि नेमकी इथेच खोच आहे. पेट्रोलची गाडी नेहमीच इतकं वाया घालवत असते की एसी लावला, वेग वाढवला, चढ लागला, तर होणारा जादा खर्च त्या मोठ्या नासाडीत झाकला जातो. शिवाय पंप वाटेत असतोच, त्यामुळे कोणी हिशेब ठेवत नाही. इलेक्ट्रिक गाडी काटकसरी आहे. तिच्यात वाया जाणारं फारसं नाही, म्हणून वाढीव काम करावं लागलं की ते लगेच आकड्यात उमटतं. रेंज इतकी वरखाली होते ती गाडी कमअस्सल म्हणून नव्हे, तर तिच्या कार्यक्षमतेमुळेच.

आता घाट. पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढण 500 मीटरची धरू आणि रस्त्याची लांबी 10 किलोमीटर. 1700 किलो वजन 500 मीटर उचलायला 2.3 युनिट लागतात. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे; कोणत्याही कंपनीची गाडी असो, यात सूट नाही. मोटरमधली थोडी गळती धरली की 2.6. टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध यांसाठी आणखी पाऊण युनिटाच्या आतबाहेर, एसीसाठी पाव-अर्धा. एकूण सुमारे 3.6 युनिट. हीच गाडी सपाट रस्त्यावर 80 च्या वेगाने 10 किलोमीटर जायला 1.4 युनिट घेते. म्हणजे घाट चढताना खर्च अडीचपट झाला आणि बॅटरीचे 12 टक्के 10 किलोमीटरमध्ये गेले.

उतरताना काय होतं? मोटरच जनित्र बनते आणि गाडीच्या उतरण्यातून वीज तयार करून बॅटरीत भरते. वर साठवलेल्या 2.3 युनिटांतून घर्षण, रूपांतरातली गळती आणि एसी वजा जाता हाताशी साधारण एक युनिट उरतं. घाट उतरून करूळ गावात आल्यावर बॅटरी माथ्यावर होती त्यापेक्षा तीन टक्क्यांनी वर गेलेली दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा चमत्कार वाटतो.

चढउतार दोन्ही मिळून 20 किलोमीटरला 2.6 युनिट, म्हणजे 100 किलोमीटरला 13. सपाट हमरस्त्यावरच्या 14 पेक्षा हा खर्च जास्त तर नाहीच, किंचित कमी आहे, कारण घाटात वेग कमी असतो. घाट वीज खातो हे म्हणणं एका बाजूच्या प्रवासापुरतंच खरं. जाऊन परत येणाऱ्याला घाट बुडवत नाही.

मग बिघडतं काय? बिघडतो तो अंदाज. डॅशबोर्डवरचा किलोमीटरचा आकडा हे मोजमाप नाही, तो भागाकार आहे. बॅटरीत उरलेली वीज भागिले गेल्या काही किलोमीटरमधला सरासरी खर्च. ‘गेल्या काही’ म्हणजे किती, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते आणि गाडीच्या माहितीपुस्तकात ते सहसा सापडत नाही. काही गाड्या अलीकडचा छोटा टप्पा धरतात, काही लांबचा इतिहास मिसळतात, काही तर खर्चाकडे न बघता उरलेल्या टक्क्यांना कंपनीच्या प्रमाणित रेंजने गुणून मोकळ्या होतात. यातली कोणतीही पद्धत घेतली तरी पुढे काय आहे हे त्या हिशेबात नसतं. गणपतीच्या महिन्यातल्या खर्चावरून पुढच्या सगळ्या महिन्यांचं अंदाजपत्रक मांडावं, तसा हा प्रकार.

आपली गाडी वैभववाडीतून 72 टक्के बॅटरीवर निघाली असं समजा. उरलेली वीज 21.6 युनिट, मागची सरासरी 14, म्हणून डॅशबोर्ड 154 किलोमीटर दाखवतो. करूळ सोडलं, वळणं सुरू झाली, आणि आकडा दर वळणाला पाच-पाच, सात-सातने खाली येऊ लागला. माथ्यावर 60 टक्के, 18 युनिट. पण मधल्या चढाने सरासरी 25 वर नेऊन ठेवली, तेव्हा आकडा आला 72 वर. दहा किलोमीटर अंतर कापलं आणि 82 किलोमीटर ‘गेले’. कोल्हापूर अजून 55 किलोमीटर. चालकाच्या पोटात गोळा येतो, तो एसी बंद करतो, मुलंबाळं घामाघूम होतात. प्रत्यक्षात समोरचा रस्ता मोठ्या चढाचा नाही. त्याला साडेसात युनिट पुरतात आणि गाडी 35 टक्के शिल्लक ठेवून कोल्हापुरात शिरते. ही धास्ती पूर्णपणे अनावश्यक होती.

उलट दिशेचा प्रवास जास्त धोक्याचा, कारण तिथे आकडा गोड बोलतो. माथ्यावरून 60 टक्क्यांवर निघालेली गाडी पायथ्याला येते तेव्हा बॅटरीत 19 युनिट असतात आणि उतारामुळे सरासरी खर्च 8 पर्यंत घसरलेला असतो. डॅशबोर्ड 237 किलोमीटर दाखवतो. पणजी वैभववाडीहून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. चालक निर्धास्त होतो, तळेऱ्याला मुंबई-गोवा महामार्गाला लागतो. खारेपाटणपासून झारापपर्यंतचा चौपदरी रस्ता मोकळा मिळाला की काटा सहज 100 वर जातो. त्या वेगाला याच गाडीचा खर्च 100 किलोमीटरला 18 युनिटांवर पोचतो. 19 युनिटांत 105 किलोमीटर. गोव्याच्या हद्दीच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी ही गाडी उभी राहणार, आणि ‘सकाळी तर 237 दाखवत होती’ हे वाक्य तिथे ऐकू येणार.

वेगाचं हे गणित नीट लक्षात घेण्यासारखं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 80 चे 100 केले की वेग 25 टक्क्यांनी वाढतो, पण हवेचा विरोध 56 टक्क्यांनी. टपावर कॅरिअर बांधून त्यावर गाठोडी लादली तर आणखी. वजनाची मात्र लोक उगाच फार काळजी करतात. तांदळाचं 50 किलोचं पोतं डिकीत टाकलं तर ते घाटावर चढवायला लागणारी जादा वीज एका युनिटाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे सपाटीवरचं जेमतेम अर्धा किलोमीटर अंतर. पोतं खुशाल न्या, वेग सांभाळा.

एसीचा हिशेब वेगाच्या उलट चालतो आणि तो सहसा कोणी सांगत नाही. एसीला वीज लागते ती तासाला, किलोमीटरला नव्हे. कोकणातल्या मे महिन्यात, उन्हात तापलेली गाडी गार करायला आणि गार ठेवायला दीड किलोवॉट धरले, तर 80 च्या वेगाला 100 किलोमीटरमागे 1.9 युनिट जातात. घाटात 30 च्या वेगाला तेच 5 युनिट होतात. घाटात एखादा ट्रक अडकून रांग लागली तर किलोमीटर शून्य आणि खर्च चालूच. पावसाळ्यात उकाडा नसतो, पण काचा धुरकटतात, त्या स्वच्छ ठेवायला पुन्हा एसीच लागतो. शिवाय रस्त्यावरच्या पाण्याच्या थराला टायरने बाजूला सारावं लागतं, त्यात आणखी खर्च होतो. गगनबावडा हे महाराष्ट्रातल्या अतिवृष्टीच्या ठिकाणांपैकी एक, तेव्हा या रस्त्यावर जून ते सप्टेंबर हा खर्च गृहीत धरायलाच हवा.

आतापर्यंत आपण ‘बॅटरीत 18 युनिट आहेत’ असं बेधडक धरून चाललो. तेही तितकं सोपं नाही. पेट्रोलच्या टाकीत तरंगता गोळा असतो, तो पातळी सांगतो. बॅटरीत डोकावून बघता येत नाही. गाडीतला संगणक आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या प्रवाहाची नोंद ठेवतो आणि जमाखर्चातून शिल्लक काढतो. प्रवाह मोजणाऱ्या उपकरणात बारीकशी चूक असतेच, आणि ती रोज साठत जाते. ती दुरुस्त करायला संगणक बॅटरीचा व्होल्टेज बघतो, कारण बॅटरी रिकामी होत जाते तसा व्होल्टेज उतरतो.

पण भारतातल्या अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची बॅटरी असते. ती टिकाऊ आहे, उष्णता चांगली सोसते, आपल्या हवामानाला योग्य आहे. तिची एकच अडचण: मधल्या मोठ्या पट्ट्यात तिचा व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही. प्रत्येक सेल 3.2-3.3 व्होल्टच्या आसपास बसून राहतो, मग शिल्लक 70 टक्के असो वा 40. चूक दुरुस्त करायला संगणकाला खूणच मिळत नाही. कोणी महिनोन्‌महिने 30 ते 80 टक्क्यांमध्येच गाडी वापरत राहिला, तर डॅशबोर्डवरचा टक्काही हळूहळू खऱ्या शिल्लकीपासून सरकतो, आणि एक दिवस 20 वरून झपकन 12 वर येतो. उपाय साधा आहे. अधूनमधून, कंपनीने सांगितलेल्या अंतराने, गाडी सावकाश चार्जिंगवर पूर्ण 100 टक्के भरावी. वरच्या टोकाला व्होल्टेज स्पष्ट चढतो, संगणकाला खूण सापडते आणि हिशेब ताळ्यावर येतो.

फक्त गगनबावड्याला मुक्काम असेल आणि सकाळी घाट उतरायचा असेल, तर त्या रात्री बॅटरी 85 टक्क्यांच्या आसपास थांबवावी. भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज शिरायला जागा नसते. मग मोटर गाडीला रोखत नाही, सगळा भार साध्या ब्रेकवर येतो आणि ते तापतात.

पायथ्याच्या बाजूला आणखी एक स्थानिक अडचण आहे. गणपतीला किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईहून आलेला चाकरमानी अंगणात गाडी लावतो, पडवीतल्या 15 अँपिअरच्या सॉकेटला चार्जर जोडतो, आणि गाडी चार्जिंग घ्यायला नकार देते. बॅटरी बिघडली असं त्याला वाटतं. बऱ्याचदा दोष घराच्या अर्थिंगचा असतो. अर्थिंग नीट नसेल तर सुरक्षिततेसाठी गाडी वीज घेत नाही. जुन्या घरांत ते केलेलंच नसतं, किंवा केलेलं असलं तरी उन्हाळ्यात कोकणातला जांभा इतका कोरडा पडतो की जमिनीत वीज मुरत नाही. म्हणून जाणते वायरमन अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरतात आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहायला सांगतात. तीन किलोवॉटच्या या साध्या सॉकेटवर 30 युनिट भरायला दहा-अकरा तास लागतात, तेव्हा रात्री वीज दोन-तीन तास गेली तर सकाळचा हिशेब चुकतो.

आता शोरूममधल्या आकड्याकडे वळू. तो येतो प्रमाणित चाचणीतून. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही वाहन संशोधन संस्था 1966 पासून आहे. पुणेकर त्या टेकडीलाच एआरएआय टेकडी म्हणतात. अशा मान्यताप्राप्त संस्थेत गाडी रुळांवर चढवतात, रूळ फिरतात, गाडी जागच्या जागी धावते आणि ठरावीक वेळापत्रकाप्रमाणे वेग कमीजास्त केला जातो. चढ नाही, पाऊस नाही, वाऱ्याची झुळूक नाही. या वेळापत्रकाचा पहिला भाग शहरी: कमाल वेग 50, सरासरी वेग ताशी 19 किलोमीटरच्या आसपास. दुसरा भाग शहराबाहेरचा, कमाल वेग 90. चाचणी अशी बंदिस्त ठेवण्यामागे कारण आहे आणि ते मला पटतं. दोन गाड्यांची तुलना करायची तर दोघींना एकच रस्ता द्यायला हवा. चूक होते ती हा तुलनेचा आकडा प्रवासाचं आश्वासन म्हणून विकला जातो तेव्हा.

टाटा मोटर्सची नेक्सॉन ईव्ही जानेवारी 2020 मध्ये बाजारात आली. बॅटरी 30.2 युनिटची, प्रमाणित रेंज 312 किलोमीटर. दिल्लीतल्या एका ग्राहकाने तक्रार केली की आपली गाडी 200 च्या पुढे जात नाही. मार्च 2021 मध्ये दिल्ली सरकारने त्या गाडीवरचं अनुदान थांबवलं. कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि त्याच महिन्यात न्यायालयाने सरकारच्या आदेशाला स्थगिती दिली. कंपनीचं म्हणणं होतं की आकडा अधिकृत चाचणीचाच आहे, आणि ते खरं होतं. ग्राहकाचं म्हणणं होतं की रस्त्यावर तितकी जात नाही, आणि तेही अगदी शक्य आहे. 312 चा अर्थ 100 किलोमीटरला दहा युनिटांहूनही कमी. एसी लावून, माणसं बसवून, महामार्गाच्या वेगाने ते होणारच नाही.

2024 मध्ये यात सुधारणा झाली. फक्त शहरी भागावर न थांबता शहरी आणि शहराबाहेरचा असे दोन्ही भाग धरून रेंज सांगायची असं ठरलं. टाटा पंच ईव्हीच्या मोठ्या बॅटरीच्या गाडीचा आकडा 421 वरून 365 वर आला. गाडी तीच, बॅटरी तीच, फक्त चाचणीत थोडा वेग मिसळला आणि 56 किलोमीटर कमी झाले. त्यासोबत टाटाने आणखी एक आकडा द्यायला सुरुवात केली: आपल्या चारातल्या तीन ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल अशी रेंज. 45 युनिटच्या नेक्सॉनची प्रमाणित रेंज 489, आणि हा व्यवहारातला आकडा 350 ते 370. कंपनीने हे स्वतःहून छापलं याचं मनापासून स्वागत करायला हवं. ही प्रथा ऐच्छिक न राहता सर्वांना सक्तीची व्हावी असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण सद्भावनेवर सोडलं की काय होतं याचं उदाहरण बाहेर आहे. जानेवारी 2023 मध्ये दक्षिण कोरियाच्या व्यापार नियामकाने टेस्ला कंपनीला 285 कोटी वॉनचा दंड ठोठावला. थंडीत गाडीची रेंज निम्म्यापर्यंत घटू शकते हे जाहिरातीत लपवलं, असा ठपका होता. त्याच वर्षी जुलैत रॉयटर्स या वृत्तसंस्थेने शोधवृत्त दिलं: बॅटरी भरलेली असताना डॅशबोर्डवर फुगवलेला आकडा दिसावा आणि निम्म्याखाली आल्यावर तो हळूहळू खऱ्याकडे वळावा, अशी आज्ञावली टेस्लाने सुमारे दहा वर्षांपूर्वी जाणूनबुजून लिहून घेतली होती. इतकंच नव्हे, तर रेंजबद्दल तक्रार करणाऱ्यांच्या दुरुस्तीच्या वेळा रद्द करण्यासाठी 2022 मध्ये लास व्हेगासला एक खास पथक बसवलं होतं, असंही त्या वृत्तात होतं. अंदाज चुकणं एक आणि अंदाज चुकवणं दुसरं. पहिल्याला समजून घेता येतं, दुसऱ्याला कायद्यानेच आवर घालावा लागतो.

यात मला सर्वांत खटकणारी गोष्ट अशी की पुढचा घाट गाडीला माहीत नसण्याचं आज काही कारणच उरलेलं नाही. फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने 11 दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीवरच्या सुमारे 80 टक्के जमिनीची उंची मोजली. ती माहिती खुली आहे. इस्रोने 2005 मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-1 उपग्रहाच्या छायाचित्रांवरून भारताचा स्वतंत्र उंचीनकाशा तयार झाला. करूळ घाटाच्या चढाची मोजणी पाव शतकापूर्वीच झाली आहे. गाडीत नकाशा आहे, इंटरनेट आहे, वजनाचा अंदाज आहे. ‘कोल्हापूरला पोचाल तेव्हा 35 टक्के उरतील’ असं सांगायला हवं तेवढं सारं हाताशी आहे. काही महागड्या गाड्या आणि मोबाइलवरची काही मार्गनियोजक ॲप हे करतातही. उंचीनकाशात कड्याच्या जागी थोड्या चुका असतात, पण मागच्या 20 किलोमीटरवरून पुढचे 55 सांगण्यापेक्षा त्या कितीतरी परवडल्या. ही सोय दहा-बारा लाखांच्या गाडीतही मिळायला हवी, कारण ती गाडी घेणाऱ्यालाच प्रत्येक किलोमीटरची फिकीर जास्त असते.

तोवर वैभववाडीच्या माणसाने काय करावं? डॅशबोर्डवर किलोमीटरऐवजी टक्के बघावेत. एकदा, दोन्ही दिशांनी, करूळचा पायथा आणि माथा इथले टक्के टिपून ठेवावेत. हे दोन आकडे त्या गाडीसाठी वर्षानुवर्षं कामी येतात, कारण घाटाची उंची बदलत नाही. रस्ता मात्र बदलतो, म्हणून शिल्लक हवी. काँक्रिटीकरणासाठी करूळ घाट जानेवारी 2024 पासून वर्षाहून अधिक काळ बंद होता आणि वाहतूक भुईबावडा, फोंडा अशा घाटांनी वळवावी लागली. पावसाळ्यात दरड आली की आजही हेच होतं. माथ्यावर येऊन घाट बंद असल्याचं कळलं तर मागे फिरून दुसऱ्या घाटाने उतरण्याइतकी वीज बॅटरीत असलीच पाहिजे. माझ्या मते या भागात 25 टक्क्यांखाली घाट चढायला घेऊ नये. तेवढ्यावर चढ तांत्रिकदृष्ट्या पूर्ण होतो, पण रिकामी होत आलेली बॅटरी जोराच्या चढावर पुरेशी ताकद देत नाही, गाडी स्वतःचा वेग आवरता घेते आणि वळणावर मागचा ट्रक अंगावर येतो.

आणि नवी गाडी घ्यायला जाल तेव्हा ‘रेंज किती’ एवढंच विचारून थांबू नका. अमेरिकेत नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या काचेवरच्या पट्टीवर 100 मैलांना किती युनिट लागतात हे छापावंच लागतं. आपणही तेच मागू या. 80 च्या वेगाला 100 किलोमीटरला किती युनिट, 100 च्या वेगाला किती, बॅटरीतली प्रत्यक्ष वापरता येणारी वीज किती, हे तीन आकडे विचारा आणि लेखी घ्या.